६५३ शर्यती, विजय शून्य!

क्रिकेटमध्ये एखादा फलंदाज लागोपाठ पाच-सहा डावांत अपयशी ठरला, की आपण घरबसल्या त्याला संघाबाहेर काढून मोकळे होतो. मग २८ वर्षांत ६५३ शर्यतींत उतरून एकदाही पहिला न आलेल्या माणसाला काय म्हणाल?

अमेरिकेतल्या ‘नॅस्कार’च्या सर्वांत वरच्या मालिकेत धावणारा जे. डी. मॅकडफी हा तो माणूस. या ‘स्टॉक कार’ शर्यतींतल्या मोटारी दिसायला शोरूममधल्या गाड्यांसारख्या, पण आतून पार वेगळ्या. तीस-चाळीस गाड्या एकमेकींना खेटून, बहुतेक वेळा लांबट गोल ट्रॅकवर, काही तास नुसत्या घुमत असतात.

मॅकडफीचा जन्म १९३८ चा, नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या सॅनफर्ड गावचा. याच राज्याचा रिचर्ड पेटी २०० शर्यती जिंकून या खेळाचा सम्राट झाला. १९६३ मध्ये मॅकडफी या मालिकेत उतरला तो पेटीच्याच जमान्यात. पण पेटीच्या मागे कारखाने होते, मोठे प्रायोजक होते. मॅकडफीकडे काय होतं? स्वतःची गाडी, स्वतःचे पाने-पकडी आणि दातांत कायम धरलेला चिरूट. मालक तोच, मेकॅनिक तोच, चालकही तोच!

अशा चालकांना तिथे ‘इंडिपेंडंट’ म्हणत. त्यांचं गणित कुठल्याही गृहिणीला चटकन समजेल. बक्षिसाची रक्कम पहिल्यालाच नव्हे, विसाव्या-पंचविसाव्यालाही थोडीफार मिळते. त्यातूनच पुढच्या शर्यतीचे टायर, पेट्रोल आणि प्रवासखर्च भागवायचा. इंजिन जीव तोडून पळवलं आणि फुटलं, तर पुढच्या आठवड्याचं काय? म्हणून गाडी जपून हाकायची. पण जपून हाकणारा जिंकणार कसा? या पेचातून मॅकडफी कधीच सुटला नाही. तरी त्याला मागे रेंगाळणारा समजू नका. तो १०६ वेळा पहिल्या दहांत आला आणि १९७१ मध्ये एका शर्यतीत चक्क तिसरा!

एक दिवस मात्र त्याचाही उजाडला. सप्टेंबर १९७८, डोव्हरचा ट्रॅक. शर्यतीआधी प्रत्येकाच्या एकेका फेरीची वेळ घेतात आणि सर्वांत वेगवान गाडीला सर्वांच्या पुढे उभं राहण्याचा मान मिळतो. त्याला ‘पोल’ म्हणतात. बहुतेक गाड्या गुडइयरच्या टायरवर धावत असताना मॅकडफीने मॅक्क्रिअरी या छोट्या कंपनीचे टायर लावले आणि पोल पटकावला! मागे पेटीसकट सगळे दिग्गज. पुढे? शर्यतीत इंजिनाने दगा दिला आणि गाडी बाहेर. आयुष्यात त्याला पोल मिळाला तो तेवढा एकदाच.

१९८८ मध्ये डेटोनाला पात्रता शर्यतीत त्याच्या गाडीने पेट घेतला. हातात मोजे नव्हते. दोन्ही हात वाईट भाजले. पन्नाशीला टेकलेल्या माणसाने त्यानंतर स्टिअरिंगचं नावही काढलं नसतं. हा बरा होऊन पुन्हा हजर! हा हट्ट की व्यसन? आम्हाला तर वाटतं, ज्या माणसाने सारी मिळकत एका गाडीत ओतली, त्याला घरी बसणंच परवडत नसावं.

१० ऑगस्ट १९९१, शनिवारची रात्र. न्यूयॉर्क राज्यातल्या ओवेगो गावी, शांग्री-ला ट्रॅकवर पाहुण्या चालकांची एक छोटी शर्यत होती. मोठ्या मालिकेत ती मोजली जात नाही. पण ती मॅकडफीने जिंकली.

दुसऱ्या दिवशी तो जवळच्याच वॉटकिन्स ग्लेनच्या वळणावळणांच्या ट्रॅकवर ६५३ व्या शर्यतीला उतरला. पाचव्या फेरीत, भरवेगात वळणावर पोहोचत असतानाच गाडीचं पुढचं चाक निकामी झालं. जिमी मीन्स या दुसऱ्या इंडिपेंडंटची गाडीही त्याच अपघातात सापडली. मॅकडफीची गाडी कठड्यावर आदळून उलटी पडली. मीन्स कसाबसा बाहेर आला, धावत जाऊन वाकून आत पाहिलं आणि मदतीसाठी हात हलवू लागला. मॅकडफी जागीच गेला होता. वय वर्षं ५२.

त्या वळणाआधी गाड्यांचा वेग कमी व्हावा म्हणून १९९२ मध्ये तिथला रस्ता मुद्दाम वाकडा करण्यात आला. आज तिथे प्रत्येक चालकाला, मग तो कितीही मोठा असो, ब्रेक दाबावाच लागतो.