टाळेबंदीतील बाळंतपण : नेपाळचा अनुभव

नेपाळ सरकारने करोनाच्या साथीमुळे २४ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू केली, तेव्हा माता-आरोग्याच्या क्षेत्रात त्या देशाच्या पदरी एक मोठे यश होते. १९९६ च्या सुमारास दवाखान्यात होणाऱ्या बाळंतपणांचे प्रमाण शेकडा १० च्याही आत होते, ते २०१६ पर्यंत ५७ वर पोहोचले होते. या वाढीमागे ‘आमा सुरक्षा’ या सरकारी कार्यक्रमाचा मोठा वाटा होता. त्यात बाळंतपण मोफत होतेच, शिवाय दवाखान्यात प्रसूत होणाऱ्या स्त्रीला प्रवासखर्चापोटी तराईत १,०००, डोंगराळ भागात २,००० आणि हिमालयाच्या उंच पट्ट्यात ३,००० नेपाळी रुपये मिळत. ज्या देशात दवाखान्याची वाट हीच मुख्य अडचण आहे, तेथे वाटखर्चालाच हात घालण्यात मोठे शहाणपण होते; टाळेबंदीने बंद केली ती नेमकी तीच वाट.

माता-मृत्यूंच्या अभ्यासात ‘तीन विलंब’ ही संकल्पना रूढ आहे. दवाखान्यात जायचे की नाही हे घरात ठरण्यास लागणारा वेळ हा पहिला विलंब, प्रत्यक्ष पोहोचण्यास लागणारा वेळ हा दुसरा आणि पोहोचल्यावर योग्य उपचार सुरू होईपर्यंतचा वेळ हा तिसरा. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव काही तासांत प्राण घेऊ शकतो, त्यामुळे यांतील एक विलंब वाढला तरी पुरते. साथीत तिन्ही एकदम वाढतात, कारण संसर्गाच्या भीतीने घरचे लोक थांबून पाहतात, वाहन मिळत नाही आणि दवाखान्यातील मनुष्यबळ इतरत्र गुंतलेले असते.

नेपाळमधील ९ रुग्णालयांत झालेल्या आणि ‘द लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या नियतकालिकात २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत टाळेबंदीपूर्वीच्या साडेबारा आठवड्यांची टाळेबंदीच्या साडेनऊ आठवड्यांशी तुलना केलेली आहे. आठवड्याला सरासरी १,२६१ बाळंतपणे होत होती, ती ६५१ वर आली, आणि ही घट वंचित समाजगटांतील स्त्रियांमध्ये अधिक होती. रुग्णालयातच दगावलेल्या नवजात बालकांचे प्रमाण हजारी १३ वरून ४० वर गेले, तर मृतजन्मांचे, म्हणजे मूल पोटातच दगावून जन्मण्याचे, प्रमाण हजारी १४ वरून २१ झाले. साध्या बाळंतपणाच्या स्त्रिया घरीच थांबल्या आणि गुंतागुंत झालेल्याच तेवढ्या रुग्णालयात आल्या, म्हणून दर फुगला, असा आक्षेप येथे घेता येईल आणि तो काही अंशी रास्तही आहे. परंतु जन्म निम्म्यावर आले असताना दर तिपटीने वाढला, याचा अर्थ आठवड्याला दगावणाऱ्या नवजात बालकांची प्रत्यक्ष संख्याही सुमारे दीडपट झाली. ती केवळ दर काढण्याच्या पद्धतीतून वाढू शकत नाही.

याच पाहणीतील एक बारकावा बोलका आहे. प्रसूतिगृहातील कर्मचारी पूर्वीपेक्षा अधिक काटेकोरपणे हात धुऊ लागले, पण कळा सुरू असताना बाळाच्या हृदयाचे ठोके तपासण्याचे प्रमाण मात्र घटले. ठोके मंदावले की पोटातील बाळाला प्राणवायू कमी पडत असल्याची शंका येते आणि प्रसूती लवकर उरकण्याचा निर्णय घ्यावा लागतो. ती तपासणी चुकली, तर हाताच्या स्वच्छतेने तिची भरपाई होत नाही.

हे सारे अनपेक्षित होते असेही म्हणवत नाही. सिएरा लिओनमध्ये २०१४-१५ च्या इबोला साथीत गरोदर स्त्रियांनी दवाखान्यांकडे पाठ फिरवल्यामुळे माता, नवजात बालके आणि मृतजन्म मिळून सुमारे ३,६०० जादा मृत्यू झाले, असा संशोधकांचा अंदाज आहे. खुद्द इबोलाने तेथे घेतलेले बळी जवळपास तेवढेच होते.

नेपाळकडे घरोघर पोहोचणारी एक व्यवस्था होती. १९८८ पासून गावोगाव काम करणाऱ्या सुमारे ५०,००० महिला स्वास्थ्य स्वयंसेविका आपल्याकडील ‘आशा’ताईंच्या कितीतरी आधीच्या असून त्यांना पगार नाही. अनेक जिल्ह्यांत त्या आठव्या महिन्यातील गर्भवतीला ‘मातृ सुरक्षा चक्की’ देतात. या मिसोप्रोस्टॉल औषधाच्या ३ गोळ्या असून, घरीच बाळंतपण झाल्यास मूल जन्मताच त्या घ्यायच्या असतात. त्यांनी गर्भाशय आकुंचन पावते आणि रक्तस्राव आटोक्यात राहतो. वाट बंद असतानाही उपयोगी पडेल अशी ही तजवीज खरी, पण ती रक्तस्रावापुरतीच आहे. मूल आडवे आले असेल तर शस्त्रक्रियाच करावी लागते, आणि त्यासाठी त्या स्त्रीला जिल्ह्याच्या ठिकाणी नेणारी गाडी साथीच्या काळातही सुरू ठेवावी लागते.