डाल्मेशिया: वाळू विसरा, व्हिसा वाचा

क्रोएशियाचा डाल्मेशिया किनारा आता पुण्या-मुंबईच्या सहल कंपन्यांच्या माहितीपत्रकांत हमखास दिसतो. निळंशार पाणी, लाल कौलं, पांढऱ्या दगडाची गावं. फोटो खोटे नसतात. मात्र पायाखाली काय आहे, वारा कुठून सुटलाय आणि देशाची सीमा कुठून जाते, हे फोटोत येत नाही. या किनाऱ्यावरच्या सहली फसतात त्या बहुतेक याच तीन गोष्टींपायी. त्यातच नातेवाइकांच्या ऐकीव सल्ल्यांची भर पडते. त्यातले नेहमी कानावर येणारे समज तपासून पाहू.

"भूमध्य समुद्र म्हणजे सोनेरी वाळू"

डाल्मेशियात वाळू हा अपवाद आहे. ब्राच बेटावरचा झ्लात्नी रात हा क्रोएशियातला सर्वांत जास्त छायाचित्रं निघालेला किनारा असावा. समुद्रात घुसलेली ही लांबलचक पांढरी जीभ वरून वाळूची वाटते, पण आहे गुळगुळीत गोट्यांची. वारा आणि प्रवाह बदलले की तिचं टोक कधी या अंगाला, कधी त्या अंगाला वळतं. बाकी बऱ्याच ठिकाणी तर गोटेही नाहीत. सरळ खडक, त्यावर सिमेंटचा ओटा आणि पाण्यात उतरायला लोखंडी शिडी. पाण्याखालच्या खडकांना काळे काटेरी समुद्री अर्चिन चिकटलेले असतात. पायात काटा मोडला की पुढचे दोन दिवस लंगडत काढावे लागतात, म्हणून रबरी तळव्याचे पाण्यात घालायचे बूट घेतल्याशिवाय उतरू नये.

असं का, याचं उत्तर दगडात आहे. हा सगळा प्रदेश चुनखडीचा. पावसाचं पाणी जमिनीवरून वाहण्याऐवजी भेगांतून आत मुरतं आणि भुयारी वाटांनी थेट समुद्राच्या तळाशी झऱ्यांच्या रूपात बाहेर पडतं. पोहता पोहता मध्येच एखादा थंडगार पट्टा लागतो तो बऱ्याचदा अशा झऱ्याचा. नद्या मोजक्याच असल्याने समुद्रात येणारा गाळही थोडाच. गाळ नाही म्हणून वाळू नाही, आणि पाणी काचेसारखं दिसतं तेही बऱ्याच अंशी त्यामुळेच. याचा पडताळा नेरेत्वा नदीच्या मुखाशी मिळतो. तिथे नदी गाळ आणते आणि तिथे उथळ, वाळूचा किनारा आहे. लहान मुलांना वाळूत खेळवायचंच असेल, तर झादरजवळचं नीन किंवा कोर्चुला बेटावरचं लुंबार्दा गाठावं.

कोकणातून जाणाऱ्याला आणखी एक गोष्ट खटकेल. इथे भरती-ओहोटी जवळपास जाणवत नाही. उधाणाला मुंबईत पाणी चार-पाच मीटर चढतं, इथे फरक जेमतेम वीत-दोन वीत. म्हणून घरांची जोती थेट पाण्याला टेकलेली असतात आणि हॉटेलवाले धक्क्याच्या अगदी कडेला खुर्च्या मांडून मोकळे होतात.

"ऊन बारमाही, कधीही जा"

आपल्याकडचे पर्यटक इथे सपशेल आपटतात, कारण आपल्या सुट्ट्या दोन: मे आणि दिवाळी. भूमध्य हवामानाचं गणित आपल्या उलट आहे. उन्हाळा कोरडा, पाऊस हिवाळ्यात. दुब्रोव्हनिकला सर्वाधिक पाऊस पडतो तो नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमारास. दिवाळीच्या सुट्टीत गेलात तर छत्री उघडावी लागेल, बेटांवरची बरीच हॉटेलं बंद मिळतील आणि जलद बोटींच्या फेऱ्याही घटलेल्या असतील. मे महिन्यात ऊन छान असतं, पण समुद्र अजून थंड. ज्यांना फक्त गावं पाहायची आहेत त्यांना मे उत्तम. पोहायचं असेल तर जून किंवा सप्टेंबर. जुलै-ऑगस्टमध्ये पाणी पंचवीस अंशांच्या आसपास असतं, पण त्याच वेळी सगळा युरोपही तिथेच असतो.

वाऱ्यांची नावंही पाठ असलेली बरी. ‘बुरा’ हा डोंगरावरून समुद्राकडे कोसळणारा थंड, कोरडा वारा. वेलेबित पर्वताच्या पायथ्याशी त्याचे झोत ताशी 200 किलोमीटरच्या वर गेल्याच्या नोंदी आहेत. तो सुटला की पूल बंद, बोटी बंद. आकाश मात्र लख्ख निळं असतं, म्हणून बोट रद्द झाल्याचं कळल्यावर परगावचा माणूस धक्क्यावर हुज्जत घालत बसतो. दक्षिणेकडून येणारा ‘यूगो’ दमट असतो, लाटा आणि ढग घेऊन येतो आणि लोकांची डोकी जड करतो, असं तिथले सांगतात. उन्हाळ्यातल्या दुपारची हवीहवीशी झुळूक म्हणजे ‘माएस्त्राल’. तिच्याबद्दल कुणाची तक्रार नाही.

"स्प्लिटचा राजवाडा म्हणजे तिकीट काढून पाहायचे अवशेष"

या एका समजापायी लोक स्प्लिटला दोन तास देतात आणि बोट पकडतात. माझ्या मते सबंध किनाऱ्यावर पाहण्यासारखी एकच जागा निवडायची झाली, तर ती हीच.

रोमन सम्राट डायोक्लेशियनने इसवी सन 305 मध्ये आपणहून सिंहासन सोडलं आणि तो या किनाऱ्यावरच्या आपल्या नव्या वाड्यात राहायला आला. वाडा कसला, तटबंदीची छावणीच. सातव्या शतकात शेजारचं सालोना शहर उद्ध्वस्त झालं आणि निर्वासितांनी या तटाच्या आत आसरा घेतला. तिथून पुढे लोकांनी तो सोडलाच नाही. सम्राटाच्या दालनांत भिंती घालून घरं झाली, कमानी बुजवून दुकानं झाली. आजही रोमन खांबांच्या मध्ये स्वयंपाकघराची खिडकी उघडते आणि दोरीवर चादरी वाळत असतात. आत शिरायला तिकीट नाही, कारण हा शहराचा मध्यभागच आहे. रात्री दोन वाजताही त्यातून चालत जाता येतं.

मधल्या चौकात उभं राहून अष्टकोनी वास्तू नीट पाहावी. ती सम्राटाने स्वतःसाठी बांधलेली समाधी. ख्रिश्चनांचा अतोनात छळ करणाऱ्यांत डायोक्लेशियनचं नाव वरचं. त्याच छळात 304 साली सालोनाचा बिशप दोम्नियस मारला गेला. पुढे समाधीचं कॅथेड्रल झालं, आणि झालं ते याच दोम्नियसच्या नावाने. सम्राटाच्या देहाचा पत्ता नाही. त्याने मारलेला बिशप मात्र त्याच्याच छताखाली पुजला जातो. इतका नेमका सूड इतिहासात क्वचितच उगवला असेल.

तिकीट लागतं ते तळघरांना, आणि ते जरूर काढावं. वरच्या घरांतला कचरा आणि राडारोडा शतकानुशतकं खाली लोटला गेल्याने तळघरं गच्च भरून राहिली आणि त्यामुळेच टिकली. वरचा मजला पेलण्यासाठी ती बांधलेली असल्याने त्यांचा आराखडा वरच्या दालनांसारखाच आहे. वर मूळचं फारसं काही उरलेलं नसताना सम्राटाची खोली केवढी होती, ते खाली उभं राहून कळतं.

"दुब्रोव्हनिक म्हणजे मालिकेचा सेट"

‘गेम ऑफ थ्रोन्स’चं चित्रीकरण इथे झालं हे खरं. पण हे शहर 1358 पासून 1808 मध्ये नेपोलियनच्या सैन्याने गुंडाळेपर्यंत एक व्यापारी प्रजासत्ताक होतं, रगुसा नावाचं. डाल्मेशियाचा बहुतेक किनारा व्हेनिसच्या ताब्यात असताना रगुसा ऑटोमन सुलतानाला खंडणी देऊन आपला कारभार आपण पाहत राहिलं. साथीच्या प्रदेशातून येणाऱ्यांना शहराबाहेर तीस दिवस थांबवण्याचा कायदा रगुसाने 1377 मध्ये केला. क्वारंटाइनच्या सर्वांत जुन्या कायद्यांपैकी तो एक.

"सगळं मध्ययुगीन आहे तसंच उभं आहे" हाही समज खरा नाही. 1667 च्या भूकंपात शहराचा मोठा भाग कोसळला. आज दिसणारी मुख्य रस्त्याकाठची एकसारखी घरं त्यानंतरची. मग 1991-92 चा वेढा. जुन्या शहरातल्या 824 इमारतींपैकी 563 ना तोफगोळे लागले. सुमारे दोन किलोमीटरच्या तटावरून चालताना कौलांकडे बघा. भडक केशरी कौलं युद्धानंतरची. फिकट, पिवळसर-तपकिरी, डागाळलेली कौलं जुनी. जुनी किती थोडी उरली आहेत, ते मोजायला वेळ लागत नाही.

चाकांच्या बॅगांवर बंदी आणि शेकडो युरोंचा दंड, ही बातमी 2023 मध्ये जगभर फिरली, आपल्या व्हॉट्सअॅपवरही. अशी बंदी नसल्याचा खुलासा शहराने केला होता. फरसबंदीवर बॅगा खडखडवू नका, एवढीच ती विनंती होती. तसंही जुन्या शहरात मोटारी जात नाहीत आणि मुख्य रस्ता सोडला की दोन्ही बाजूंना पायऱ्याच पायऱ्या आहेत. गुडघेदुखी असलेल्या आई-वडिलांसाठी खोली घेताना "किती पायऱ्या?" हा प्रश्न भाड्याच्या आधी विचारावा.

गोव्याचा धागाही इथलाच. जुन्या गोव्याजवळ गवंडाळीला सेंट ब्लेझचं सोळाव्या शतकातलं चर्च आहे आणि त्याचा संबंध रगुसाच्या व्यापाऱ्यांशी जोडला जातो. ब्लेझ हा दुब्रोव्हनिकचा रक्षक संत, तेव्हा ते पटण्यासारखं आहे. पण "दुब्रोव्हनिकच्या चर्चची हुबेहूब प्रतिकृती" असं जे लिहिलं जातं ते आजच्या चर्चला लागू पडत नाही. दुब्रोव्हनिकचं जुनं चर्च 1706 मध्ये आगीत गेलं. सध्याचं त्यानंतर बांधलेलं आहे.

गाइड मंडळींच्या दोन लाडक्या गोष्टींवरही लगेच विश्वास ठेवू नये. अमेरिकेचं व्हाइट हाउस ब्राच बेटाच्या दगडाचं आहे ही एक. ते व्हर्जिनियातल्या वालुकाश्माचं आहे. ब्राचचा दगड लागला तो डायोक्लेशियनच्या वाड्याला. दुसरी, मार्को पोलो कोर्चुलाचा. त्याला कागदोपत्री आधार नाही. 1298 मध्ये व्हेनिस आणि जिनोव्हा यांचं आरमारी युद्ध मात्र याच बेटाजवळ झालं.

"पूर्व युरोप, म्हणजे स्वस्त, आणि शाकाहारी माणूस उपाशी"

स्वस्ताई केव्हाच संपली. दुब्रोव्हनिकच्या तटाचं तिकीटच 35-40 युरोंच्या घरात गेलंय. खाण्याचं भय तेवढं नाही. बटाट्यासोबत शिजवलेली ‘ब्लित्वा’ नावाची पालेभाजी जवळपास प्रत्येक खानावळीत मिळते. स्प्लिटजवळच्या पोल्यित्सा भागातला ‘सोपार्निक’ तर शोधून खावा. दोन पातळ पोळ्यांमध्ये हीच भाजी भरून निखाऱ्यांखाली भाजतात, वर लसूण आणि ऑलिव्ह तेल चोळतात आणि शंकरपाळ्याच्या आकारात कापतात. नळाचं पाणी बिनधास्त प्यावं.

"क्रोएशियाचा व्हिसा वेगळा, आणि आत गेलं की सगळीकडे मोकळं"

पहिला भाग जुना झाला. 1 जानेवारी 2023 पासून क्रोएशिया शेंगेन या युरोपच्या सामाईक व्हिसाच्या क्षेत्रात आहे आणि चलनही युरो आहे, जुनं चलन कुना विसरा. दुसरा भाग महागात पडू शकतो. दुब्रोव्हनिकहून एका दिवसात करायच्या दोन लोकप्रिय सहली म्हणजे मोस्तार आणि कोतोर. मोस्तार बोस्नियात, कोतोर माँटेनेग्रोत आणि हे दोन्ही देश शेंगेनबाहेर. एकदाच प्रवेश देणारा व्हिसा असेल तर सीमा ओलांडताक्षणी तो संपतो. सकाळी मोस्तारचा पूल पाहायला गेलेला माणूस संध्याकाळी आपल्या हॉटेलवर परतू शकत नाही.

स्प्लिट ते दुब्रोव्हनिक या रस्त्यावरही हाच सापळा होता, कारण मध्ये नेउमपाशी बोस्नियाचा सुमारे वीस किलोमीटरचा किनारा आडवा येतो. दुब्रोव्हनिकला रेल्वे नाही, त्यामुळे रस्त्याला पर्याय म्हणजे बोट. जुलै 2022 मध्ये पेल्येशात्सचा पूल खुला झाला आणि नेउम टाळता येऊ लागलं. तरी आपली बस पुलावरून जाते की नेउममधून, हे तिकीट काढतानाच विचारावं. व्हिसा अर्जात एकाहून अधिक प्रवेश मागावेत, बोस्निया आणि माँटेनेग्रोचे त्या वेळचे नियम पाहून ठेवावेत, आणि पासपोर्ट हातात आला की स्टिकरवर प्रवेशांच्या रकान्यात ‘01’ छापलंय की ‘मल्ट’, हे सहलीचे पैसे भरण्याआधी वाचावं.