किती यायला पाहिजे?

जानेवारीत यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यात दोन कामं एकाच वेळी अंगावर येतात. शेतात कापसाची वेचणी संपत आलेली असते आणि शाळेत दहावीची पूर्वपरीक्षा लागलेली असते. एरवी सकाळी वर्गात चार-दोन बाकं रिकामी दिसतात, कारण घरच्या वेचणीला हात कमी पडतात. पूर्वपरीक्षेला मात्र पोरं येतात. मी गेलो होतो ते विज्ञान भाग 1 चा पेपर निघतो कसा आणि तपासला जातो कसा, हे पाहायला. बोर्डाच्या पेपरचं काम गोपनीय असतं, तिथे शेजारी खुर्ची टाकून बसता येत नाही. शाळेच्या पूर्वपरीक्षेत ती सोय आहे आणि साचा तोच असतो.

विज्ञानाचे सर प्रयोगशाळेतच बसून पेपर काढत होते. प्रयोगशाळा म्हणजे दोन कपाटं, एक लांब ओटा, बंद पडलेला नळ आणि भिंतीवर आवर्तसारणी. समोर संविधान तक्ता पसरलेला: उभ्या रकान्यांत ज्ञान, आकलन, उपयोजन, कौशल्य आणि आडव्या ओळींत दहा प्रकरणं. एकूण 40 गुण, वेळ दोन तास. पहिल्या प्रश्नात पाच गुणांचे बहुपर्यायी आणि पाच गुणांचे एका वाक्यातले. दुसऱ्यात चार गुणांची शास्त्रीय कारणं आणि सहा गुणांचे छोटे प्रश्न. तिसऱ्यात तीन-तीन गुणांचे पाच. चौथ्यात पाच गुणांचा एकच. गुरुत्वाकर्षण, विद्युतधारेचे परिणाम, उष्णता, प्रकाशाचे अपवर्तन आणि भिंगे ही पाच प्रकरणं भौतिकशास्त्राची. अवकाश मोहिमांचं सहावं धरायला हरकत नाही. बाकीची रसायनशास्त्राची.

दुसऱ्या प्रश्नापासून पुढे सगळीकडे ऑप्शन असतो. तिसऱ्यात तर आठांतले पाचच सोडवायचे. त्यामुळे ज्याला गणित जमत नाही तो सगळी उदाहरणं ऑप्शनला टाकून मोकळा होतो. भौतिकशास्त्राला वेगळं पासिंग नाही. भिंगाच्या सूत्राला घाबरणारा मुलगा कार्बनी संयुगं आणि आवर्तसारणीच्या जोरावर निघून जातो. सरांचा यावर राग नाही. ‘‘पास झाला तर आयटीआयला तरी जाईल,’’ ते म्हणाले. त्यांचा राग तक्त्यातल्या उपयोजनाच्या रकान्यावर आहे. पुस्तकात सोडवून दाखवलेलं उदाहरण जसंच्या तसं पेपरात घातलं आणि त्यासमोर ‘उपयोजन’ लिहिलं, की तक्ता भरतो. प्रत्यक्षात तपासलं जातं ते पाठांतर.

गुरुत्वाकर्षणाच्या प्रकरणात एक उदाहरण आहे. महेंद्र आणि विराट एकमेकांपासून एक मीटरवर बसले आहेत, एकाचं वस्तुमान 75 किलो, दुसऱ्याचं 80. त्यांच्यातलं गुरुत्वीय बल किती? उत्तर 4.002 × 10⁻⁷ न्यूटन. क्रिकेटमुळे हे उदाहरण पोरांचं लाडकं आहे आणि उत्तर तर अनेकांना तोंडपाठ. सरांनी पूर्वपरीक्षेत नावं तीच ठेवली, वस्तुमानं तीच ठेवली, फक्त अंतर दोन मीटर केलं. अंतर दुप्पट झालं की बल चौपट कमी होतं, म्हणजे उत्तर साधारण 1 × 10⁻⁷ न्यूटन यायला हवं. पुढे तपासताना गठ्ठ्यात 4.002 पुन्हापुन्हा दिसत राहिलं. काहींनी तर सूत्र बरोबर लिहिलं होतं, किमतींत दोन मीटरही लिहिला होता आणि उत्तराच्या ओळीत मात्र पुस्तकातला आकडा. सूत्राचे आणि किमतींचे गुण दिले, उत्तराचे कापले. पायरीला गुण आहेत, ही या पद्धतीतली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट.

शास्त्रीय कारणांवर सर सगळ्यात जास्त वेळ बसले. ‘थंड प्रदेशात हिवाळ्यात पाण्याचे पाइप फुटतात’ हे कारण वर्षानुवर्षं विचारलं जातं. यवतमाळ जिल्ह्यात पाइप गारठून फुटल्याचं कोणी पाहिलेलं नाही. इथे मे महिन्यात पारा पंचेचाळिशीकडे जातो. सरांनी पाइप काढले आणि लिहिलं: ‘काठोकाठ भरून झाकण घट्ट लावलेली पाण्याची बाटली फ्रीजरमध्ये ठेवू नये.’ मग स्वतःच्याच आदर्श उत्तरावर अडले. पाठ असलेलं उत्तर असं असतं, की पाण्याच्या असंगत वर्तनामुळे 4 अंश सेल्सिअसच्या खाली ते प्रसरण पावतं आणि म्हणून पाइप फुटतो. यातला पहिला भाग खरा आहे. पण 4 पासून 0 अंशापर्यंत एक लिटर पाणी वाढतं किती? जेमतेम 0.13 मिलिलिटर. बाटली फोडायचं काम त्यानंतर होतं, पाण्याचा बर्फ होताना, आणि तेव्हा त्याच लिटरचं आकारमान साधारण 90 मिलिलिटरनं वाढतं. सरांनी आदर्श उत्तरात लिहिलं: असंगत वर्तनाचा उल्लेख अर्धा गुण, बर्फ होताना आकारमान वाढतं हे लिहिल्यास दीड गुण. ‘‘बोर्डात उलटंही असू शकते,’’ एवढं पुटपुटून ते पुढच्या प्रश्नाकडे वळले.

पुढचा प्रश्न कूलरचा होता आणि तो शंभर टक्के विदर्भाचा. ‘मे महिन्यात कूलर खोली गार करतो, जुलैत तोच कूलर लावला की चिकचिक होते. का?’ पत्र्याचा डबा, तिन्ही बाजूंना गवताचे पॅड, आत पाण्याचा पंप आणि समोर पंखा. हे यंत्र न पाहिलेलं पोर इथे सापडणार नाही. उत्तर उष्णतेच्या प्रकरणातच आहे, फक्त दोन वेगळ्या पानांवर. एका पानावर अप्रकट उष्मा: एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला पाचशेहून जास्त कॅलरी लागतात आणि त्या पॅडमधून जाणाऱ्या हवेतूनच घेतल्या जातात. दुसऱ्या पानावर सापेक्ष आर्द्रता: हवेत आधीच बाष्प भरपूर असेल तर पाणी उडणारच कमी, म्हणजे गारवा कमी आणि ओल जास्त. दोन पानं जोडायची एवढंच काम होतं.

उत्तरं वाचण्यासारखी होती. ‘जुलैत ऊन नसल्यामुळे कूलरला काम राहत नाही.’ ‘पावसाचं पाणी गरम असतं.’ एकानं सापेक्ष आर्द्रतेची व्याख्या सूत्रासकट अचूक लिहिली आणि तिथेच थांबला. ही व्याख्या कूलरशी लावायची आहे हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. आणि एका मुलीनं सरळ वऱ्हाडीत लिहिलं होतं, की हवाच ओली असते तं पाणी कुठून सुकंल, आणि पाणी सुकलं नाही तं गार कसं होईल. अप्रकट उष्मा हा शब्द नाही, सापेक्ष आर्द्रताही नाही. पुस्तकी शब्द मोजून गुण देणाऱ्या हाताखाली तिला अर्धा मिळाला असता. सरांनी दोनपैकी दीड दिला. माझ्या मते दोन द्यायला हवे होते आणि मी तसं म्हणालोही. ‘‘दोन देतो, मग बोर्डात शून्य आल्यावर तिले काय सांगू?’’ या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

लेखी 40 गुणांचे दोन पेपर आणि प्रात्यक्षिकाचे 20, असे विज्ञानाचे 100. प्रात्यक्षिक शाळेतच होतं. त्याचीही रंगीत तालीम त्याच आठवड्यात होती: बहिर्वक्र भिंगाचं नाभीय अंतर काढणं. कृती सोपी आहे. लांबच्या वस्तूची स्पष्ट प्रतिमा पांढऱ्या पुठ्ठ्यावर घ्यायची आणि भिंगापासून पुठ्ठ्यापर्यंतचं अंतर मोजायचं. कपाटातल्या भिंगांच्या डब्यावर 10 सेंमी, 20 सेंमी असं लिहिलेलं असतं. प्रयोगवहीत वर्षानुवर्षं तीन निरीक्षणं येतात: 10.0, 10.0, 10.0. सरासरी 10.0. इतकं नेमकं मोजमाप एखाद्या मोठ्या प्रयोगशाळेलाही जड जाईल.

या वेळी सरांनी डबा बाजूला ठेवला. चष्म्याच्या दुकानातून आणलेली, कसलाही आकडा नसलेली भिंगं त्यांनी वाटली. वाचायच्या चष्म्याची, अडीच नंबरची. अडीच डायॉप्टर म्हणजे नाभीय अंतर 40 सेंटिमीटर, पण हे पोरांना सांगितलं नाही. पहिला प्रश्न लगेच आला: ‘‘सर, किती आलं पायजे?’’

सर काहीच बोलले नाहीत. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. मग एका गटानं भिंग खिडकीसमोर धरलं आणि पुठ्ठा मागे-पुढे करत करत चौकट उमटवली, उलटी, गजांसकट. मोजलं तर 46 सेंटिमीटर. दुसरा गट व्हरांड्यात गेला आणि गावाबाहेरच्या पाण्याच्या टाकीची प्रतिमा घेतली. टाकी उलटी लटकलेली पाहून तिघी हसत सुटल्या, पुठ्ठा हलला, पुन्हा जुळवावा लागला. त्यांचं अंतर आलं 40, दुसऱ्यांदा 39, मग 41. दोन्ही गट सरांसमोर येऊन उभे: कोणाचं खोडायचं?

सरांनी कोणाचंच खोडू दिलं नाही. आधी पट्टी देऊन खिडकीपासून ओट्यापर्यंतचं अंतर मोजायला लावलं. ते निघालं तीन मीटर. मग फळ्यावर भिंगाचं सूत्र लिहून एकाला गणित करायला बोलावलं: भिंग 40 चं, वस्तू 300 सेंटिमीटरवर, प्रतिमा कुठे पडेल? खडू दोनदा अडला, चिन्ह एकदा चुकलं, पण उत्तर आलं 46 च्या किंचित वर. खिडकीवाल्यांनी मोजलं बरोबर होतं. फक्त तीन मीटरवरची खिडकी ‘लांबची वस्तू’ धरता येत नाही. टाकीवाल्यांचं 39 आणि 41 हेही बरोबर होतं, पुठ्ठा हातात धरला की एवढा फरक पडणारच. या एका तासिकेत भिंगाचं सूत्र, चिन्ह संकेत आणि मोजमापातली त्रुटी या तिन्ही गोष्टी होऊन गेल्या. पेपरात त्या वेगवेगळ्या विचारल्या असत्या तर कदाचित दोनच गुण हाती आले असते.

‘‘किती आलं पायजे?’’ हा फक्त घाटंजीचा प्रश्न नाही. 1992 साली अमेरिकेत डेव्हिड हेस्टेनीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बल आणि गती यांवर एक चाचणी प्रसिद्ध केली. तिच्यात आकडेमोड नाही, नुसते साधे प्रश्न: मोठा ट्रक आणि छोटी मोटार यांची टक्कर झाली तर जास्त बल कोणावर लागतं? हार्वर्ड विद्यापीठातले एरिक मेझर यांनी तिचंच आधीचं रूप आपल्या वर्गाला दिलं होतं. तेव्हा एका विद्यार्थिनीनं त्यांना विचारलं होतं, की उत्तरं तुम्ही शिकवलंत त्याप्रमाणे लिहू की मला वाटतं त्याप्रमाणे? अवघड उदाहरणं सोडवणारी ती मुलं या साध्या प्रश्नांत अडखळली आणि मेझर यांनी पुढे शिकवण्याची पद्धतच बदलली. आपल्याकडे मुंबईचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र 1974 पासून शालेय विज्ञान शिक्षणावर काम करतं आहे. म्हणजे दुखणं कुठे आहे हे कळायला उशीर झालेला नाही. ते पेपरापर्यंत पोचायला मात्र होतो आहे.

बोर्डाच्या परीक्षेचा दिवस त्यामानानं सपाट असतो. यवतमाळ जिल्हा अमरावती विभागीय मंडळात येतो. सकाळी अकराला पेपर, फाटकाशी पोलीस, भरारी पथक कधी येईल याचा केंद्र संचालकांना घोर. 2023 पासून वाढीव दहा मिनिटं शेवटी मिळतात, ती बहुतेक पोरं आकृत्यांना नावं द्यायला वापरतात. कॉपी रोखण्यासाठी जेवढी यंत्रणा राबते, तिच्या दहाव्या हिश्श्याची मेहनत प्रश्न बदलण्यावर झाली तर कॉपीचा निम्मा उपयोगच संपेल, असं माझं मत आहे. चिठ्ठीत व्याख्या मावते, जुलैतला कूलर मावत नाही.

तपासणीच्या शेवटच्या दिवशी फ्यूजचा प्रश्न आला. ‘फ्यूजच्या जागी तांब्याची जाड तार बसवली तर काय होईल?’ जाड तारेचा रोध कमी, त्यात उष्णता कमी निर्माण होते, ती वितळत नाही आणि जास्तीची धारा पुढे जाऊन वायरिंग किंवा मोटार जाळते. बऱ्याच जणांनी हे लिहिलं. एकानं मात्र लिहिलं, ‘काही होत नाही. आमच्या डीपीत तीच तार आहे.’ सरांनी शून्य दिला, मग त्या पोराला बोलावून घेतलं आणि मोटार याआधी कधी जळली होती ते विचारलं. जळली होती, दोन वर्षांपूर्वी, ऐन गव्हाच्या पाण्याच्या वेळी. शून्य तसाच राहिला, पण त्या पोरानं घरी जाऊन काय सांगितलं असेल याची मला उत्सुकता आहे.

जिल्ह्यातल्या विज्ञान शिक्षकांना एक विनंती. पुढच्या घटक चाचणीत एक तरी प्रश्न असा टाका, जो कुठल्याच अपेक्षितात सापडणार नाही आणि ज्यातली वस्तू पोराच्या घरात आहे. त्या चाचणीच्या लेखी गुणांनी बोर्डाचा निकाल बिघडत नाही. आणि पालकांनो, महावितरणचं बिल आलं की ते दहावीतल्या पोराच्या हातात द्या आणि विचारा: 200 वॉटचा कूलर रोज दहा तास चालला, तर तीस दिवसांत किती युनिट जळतील? सूत्र सांगू नका, आणि ‘किती यायला पाहिजे’ हेही सांगू नका. उत्तर 60 आहे.