‘मला काही नको’ या वाक्याचा हिशेब

“मामा, आमचं ठरलं. भांडण नाही, तंटा नाही. दोघं मिळूनच अर्ज करतोय. तुम्ही फक्त कागद एकदा नजरेखालून घाला.”

भाचीचा आवाज फोनवर इतका शांत होता की मला धसकाच बसला. रडणाऱ्या माणसाची समजूत काढता येते. जिचे रडून संपले आहे तिला काय सांगायचे?

तिचे सासर वरवे बुद्रुकचे. पुण्याहून सातारा रस्त्याने निघाले आणि खेड-शिवापूर मागे पडले, की नसरापूर फाट्याच्या आधी भोर तालुक्यातले हे गाव लागते. नऊ वर्षांपूर्वी सत्यनारायणाच्या पूजेला आम्ही सगळे तिथे गेलो होतो. नवराबायकोचे बिऱ्हाड मात्र धनकवडीत, कर्जाने घेतलेल्या फ्लॅटमध्ये. दोघेही नोकरीला, मुलगा सात वर्षांचा. गेली दोन वर्षे ती मुलाला घेऊन माहेरी राहत होती. का, ते इथे लिहिणार नाही. ती गोष्ट त्या दोघांची आहे.

कागद म्हणजे अडीच पानांचा मसुदा होता. त्यात कामाची वाक्ये तीनच. पत्नीने पोटगी मागितलेली नाही. मुलाचा ताबा आईकडे राहील. उभयतांमध्ये कोणतेही देणेघेणे शिल्लक नाही.

“एवढंच?” मी विचारले.

“मला त्याच्याकडून काही नको, मामा. सुटका हवी आहे.”

तिसऱ्या वाक्यावर माझी नजर खिळून राहिली होती. बँकेत आयुष्य काढल्यावर ‘देणेघेणे शिल्लक नाही’ असे शब्द दिसले, की खातेवही उघडून पाहायची सवय लागते. वीस-बावीस वर्षांपूर्वी मी कर्जविभागात असताना एक बाई हुकूमनाम्याची नक्कल घेऊन माझ्या टेबलापाशी आल्या होत्या. घटस्फोट होऊन वर्ष झाले होते. घर नवऱ्याकडे गेले होते, पण कर्जाच्या कागदावर दोघांच्या सह्या होत्या. त्याने हप्ते थांबवले आणि थकबाकीची नोटीस बाईंच्या नव्या पत्त्यावर गेली. “साहेब, कोर्टानं आम्हाला वेगळं केलंय ना?” त्या पुन्हा पुन्हा विचारत होत्या. कोर्टाने त्यांना नवऱ्यापासून वेगळे केले होते, कर्जापासून नव्हे. बँक त्या दाव्यात पक्षकार नव्हती आणि हुकूमनाम्यात कर्जाविषयी अवाक्षर नव्हते. मी नियम सांगितला. नियम बरोबर होता. तरी त्या बाईंचा चेहरा मी अजून विसरलेलो नाही.

कादंबरी लिहिताना आम्ही लेखक सोय पाहतो. दोघांना कोर्टाच्या पायऱ्या उतरवतो आणि प्रकरण संपवतो. खरा संसार तिथे संपत नाही. हप्ता दर महिन्याला जातच राहतो.

आपल्याकडे सोडचिठ्ठी काही नवी नाही. अनेक जातींमध्ये काडीमोड पंचांसमोर होत असे आणि १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने तसल्या रूढीला धक्का लावला नाही. बडोद्यात सयाजीरावांच्या राज्यात १९३१ साली हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा झाला, मुंबई प्रांतात १९४७ साली. पण या कायद्यांत काही ना काही ठरावीक कारण सिद्ध करावे लागे. दोघांनी मिळून, एकमेकांवर चिखल न उडवता वेगळे होण्याची सोय १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात होती. हिंदू विवाह कायद्यात ती आली १९७६ साली, कलम १३-ब म्हणून. किमान एक वर्ष वेगळे राहिलेले असावे, दोघांनी मिळून अर्ज करावा, मग सहा महिन्यांनी पुन्हा येऊन ‘होय, आमचे तेच म्हणणे आहे’ असे सांगावे, असा त्याचा क्रम आहे.

या सोयीमुळे एक गैरसमज मात्र पसरला. वाद नाही म्हणजे मागायचेही काही नाही, असे लोकांना वाटू लागले. खरे म्हणजे जिथे वाद नसतो तिथे न्यायाधीश साक्षीपुरावे काढत बसत नाहीत. दोघांनी जे लिहून दिले तेच हुकूमनाम्यात उतरते. जे लिहिले नाही ते राहून जाते.

मी भाचीला बसवून यादी करायला लावली. पहिले, तिची स्वतःची पोटगी. ती दरमहा घेता येते किंवा एकरकमी. दरमहा मिळणारी रक्कम उत्पन्नात धरली जाते आणि एकरकमी धरली जात नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने फार पूर्वीच सांगितले आहे. दुसरे, मुलाचा ताबा, भेटी, शिक्षण आणि खर्च, म्हणजे कलम २६. आईने स्वतःच्या पोटगीवर पाणी सोडले तरी मुलाचा हक्क त्यात वाहून जात नाही, असे न्यायालये सांगत आली आहेत. तिसरे, लग्नात मिळालेल्या वस्तू आणि स्त्रीधन. चौथे, घर आणि कर्ज. पाचवे, जे आपण विसरतोच: संयुक्त खाते, लॉकर, विमा आणि ठेवींवरचे वारसनामांकन. घटस्फोट झाला म्हणून बँकेच्या ठेवीवरचे नाव आपोआप पुसले जात नाही; फॉर्म भरून ते बदलावे लागते.

“मी भिकारी नाही, मामा,” ती म्हणाली. तिचा अडसर मला तेव्हा कळला. मागणे म्हणजे हात पसरणे, असे तिला वाटत होते. मी तिला तिच्याच पासबुकातली पाने दाखवली. चार वर्षे फ्लॅटचा निम्मा हप्ता तिच्या पगारातून गेला होता. स्वतःचे परत मागणे ही भीक कशी?

मग एका रविवारी आम्ही वरव्याला गेलो. कोर्टाबाहेर जे ठरते तेच कोर्टात टिकते, हा माझा अनुभव. ओसरीवर सतरंजी अंथरली होती. जावई मान खाली घालून बसला होता, थोरले दीर खांबाला टेकून. सासूबाई आत-बाहेर करत होत्या.

फ्लॅटचा मुद्दा सोपा निघाला. जावयाने आधी बँकेकडून एकट्याच्या नावावर कर्ज करून घ्यायचे, बँकेने लेखी संमती दिली की भाचीने हक्कसोडपत्र नोंदवून द्यायचे, आणि तिच्या हप्त्यांची रक्कम त्याने दोन भागांत द्यायची, निम्मी अर्जाच्या वेळी, निम्मी शेवटच्या तारखेला डिमांड ड्राफ्टने. शेवटच्या तारखेचा आग्रह माझा. हुकूमनामा होईपर्यंत कोणाही एकाला संमती मागे घेता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली ठरवले आहे. म्हणून पैसा आणि सही एकाच दिवशी हातात पडावी.

अडले ते मुलाच्या खर्चावर. रकमेवर नव्हे, हमीवर. पोटगीसाठी देणाऱ्याच्या स्थावर मिळकतीवर बोजा ठेवता येतो, ही सोय कलम २५ मध्येच आहे. वडिलांच्या मागे जावयाच्या नावावर वीस गुंठे आले होते. तिथे बोजा चढवावा, असे मी सुचवले.

थोरले दीर ताठ झाले. “पाव्हणं, सातबाऱ्यावर बोजा? आम्ही काय सोसायटीचं कर्ज बुडवलंय? आबांनी उभ्या जल्मात इतर हक्कात नाव लागू दिलं न्हाई कुनाचं.”

मी कायदा समजावू लागलो. एवढ्यात भाचीच म्हणाली, “मामा, जमिनीचं राहू द्या. तिला हात लावायचा नाही मला. ते रान पोराचंही आहे की.”

कोणी काही बोलेना. मग जावयाने पहिल्यांदा मान वर केली. “मी त्याच्या नावावर मुदत ठेव करतो, मामा. दोन वर्षांच्या खर्चाएवढी. कधी महिना चुकला तर त्यातून घ्यायचं. तसं लिहा.” तसे लिहिले. दर वर्षी रकमेत वाढ, शाळेची फी थेट शाळेत, हेही लिहिले.

मला वाटले, झाले. चहाचे कप उचलता उचलता सासूबाई भाचीपाशी थांबल्या. “बाई, त्या कागदावर माझंबी कायतरी लिव्हता येतंय का गं? जत्रंला पोरगं यायला पाहिजे. देवाफुडं नारळ त्याच्याच हातनं फुटतुया दर साली.”

भाचीने पेन माझ्या हातून घेतले आणि स्वतःच्या अक्षरात कलम घातले. महिन्यातले दोन शनिवार-रविवार वडिलांकडे, दिवाळीची सुट्टी निम्मी-निम्मी आणि गावच्या जत्रेचे दोन दिवस वरव्यात, आजीकडे. वकिलांनी पुढे त्याची भाषा बदलली, कलम ठेवले.

भाची पुण्यात राहत असल्यामुळे अर्ज शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात दाखल झाला. पत्नी जिथे राहते तिथे अर्ज करण्याची मुभा २००३ पासून आहे. सहा महिन्यांची वाट माफ करावी, अशी विनंतीही आम्ही जोडली. दीड वर्षाहून अधिक काळ वेगळे राहणे झाले असेल, समेटाचे प्रयत्न फसले असतील आणि पोटगी, ताबा व इतर प्रश्न खरोखर मिटले असतील तर न्यायालय ती मुदत माफ करू शकते, असा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २०१७ सालचा आहे. म्हणजे जिला लवकर सुटका हवी तिनेही आधी हिशेब पुरा करायला हवा. तिची घाई आणि माझा खवटपणा इथे एकाच बाजूला आले.

समुपदेशकांनी दोघांशी वेगवेगळे बोलून घेतले. न्यायाधीशांनी एकेक कलम वाचून विचारले, “हे तुम्हाला समजलं आहे ना? कोणाच्या दबावाखाली नाही ना?” अडीच पानांचे आता नऊ पाने झाली होती. प्रत्येक वेळी भाची “हो” म्हणाली. तिचा आवाज आता फोनवरच्यासारखा निर्जीव नव्हता.

हुकूमनाम्यानंतर दोन महिन्यांनी बँकेचे पत्र आले, कर्जातून तिचे नाव कमी झाल्याचे. तिने ते मला वाचून दाखवले. त्याच आठवड्यात जत्रा होती. शनिवारी सकाळी जावई मुलाला न्यायला आला आणि दारातच उभा राहिला. भाचीने पोराची पिशवी त्याच्या हातात दिली आणि म्हणाली, “स्वेटर वरच ठेवलाय. रात्री पालखीला गार असतं.”