रजनीचा शब्द, मतदाराचा निर्णय

रजनीकांत यांचं मूळ नाव शिवाजीराव गायकवाड, जन्म बंगळुरूच्या मराठी घरातला. त्यामुळे आपल्याकडे त्यांच्याविषयी घरच्या माणसासारखं बोललं जातं आणि त्या बोलण्यात एक वाक्य हमखास येतं : १९९६ मध्ये रजनीनं एक शब्द टाकला आणि तमिळनाडूतली सत्ता उलटली. त्याला जोडून दुसरंही येतं, की तिकडची माणसं सिनेमावेडी, नट सांगेल तिथे शिक्का मारणारी. पहिलं वाक्य अर्धवट खरं आहे. दुसरं साफ चुकीचं आहे आणि कोट्यवधी मतदारांचा अपमान करणारं आहे, म्हणून ते मला खटकतं.

तेव्हाच्या मुख्यमंत्री जयललिता पुन्हा निवडून आल्या तर देवसुद्धा तमिळनाडूला वाचवू शकणार नाही, अशा अर्थाचं रजनीकांत १९९६ मध्ये बोलले, हे खरंच आहे. त्यांच्या अण्णाद्रमुक पक्षाला विधानसभेच्या २३४ पैकी अवघ्या ४ जागा मिळाल्या आणि बरगूरमध्ये खुद्द जयललिता पडल्या, हेही खरं. पण त्याआधी काय काय घडून गेलं होतं? १९९१ मध्ये राजीव गांधींच्या हत्येनंतरच्या निवडणुकीत अण्णाद्रमुक-काँग्रेस आघाडीने २२५ जागा जिंकल्या होत्या. पाच वर्षांत सरकारवर भ्रष्टाचाराच्या आरोपांचा ढीग साचला. सप्टेंबर १९९५ मध्ये जयललितांच्या मानसपुत्राचं लग्न झालं, तेव्हाचा थाटमाट सगळ्या राज्याने पाहिला. तरीही काँग्रेसचे पंतप्रधान नरसिंह राव यांनी अण्णाद्रमुकशीच युती केली. राज्यातली काँग्रेस त्यामुळे फुटली, जी. के. मूपनार यांनी तमिळ मानिल काँग्रेस काढली आणि विरोधी द्रमुकशी हातमिळवणी केली. ज्या बेरजेवर १९९१ चा विजय उभा होता, ती बेरीजच मोडली. वारं फिरलेलं होतं. रजनीकांत त्या वाऱ्याच्या दिशेने बोलले.

मग त्यांच्या शब्दाचा उपयोग काहीच झाला नाही का? झाला, आणि तो कुठे झाला असावा हे पाहण्यासारखं आहे. मानिल काँग्रेस हा निवडणुकीच्या तोंडावर जन्मलेला पक्ष. त्याचं चिन्ह सायकल. १९९२ च्या ‘अण्णामलै’ चित्रपटात रजनीकांत सायकलवरून दूध घालणारा गवळी झाले होते. तो सायकलवरचा रजनी पोस्टरांवर आला. नव्या पक्षाची खूण गावागावांत पोचवायला एरवी बराच काळ जातो, इथे लोकांच्या डोळ्यांसमोर ती आधीपासूनच होती. मानिल काँग्रेसने ३९ जागा जिंकल्या, द्रमुकने १७३. माझ्या मते नटाचं खरं बळ अशा जागी असतं. अनोळखी नाव तो ओळखीचं करून देतो. मनातून उतरलेल्याला पुन्हा मनात बसवणं मात्र त्याला जमत नाही.

याचा पडताळा दोनच वर्षांत मिळाला. १९९८ च्या लोकसभा निवडणुकीत रजनीकांत पुन्हा त्याच द्रमुक-मानिल काँग्रेस आघाडीच्या बाजूने बोलले. माणूस तोच आणि लोकप्रियताही तीच. पण यावेळी जयललितांनी भाजप, पीएमके आणि वायको यांच्या एमडीएमकेला जोडून घेतलं होतं, आणि मतदानाच्या तोंडावर, १४ फेब्रुवारीला, कोइमतूर बाँबस्फोटांनी हादरलं होतं. ३९ पैकी ३० जागा जयललितांच्या आघाडीला गेल्या.

२००४ च्या लोकसभा निवडणुकीची गोष्ट तर याहून बोलकी आहे. ‘बाबा’ (२००२) चित्रपटातल्या धूम्रपानावरून पीएमकेचे संस्थापक डॉ. रामदास आणि रजनीकांत यांच्यात वितुष्ट आलं होतं. पीएमके जे सहा मतदारसंघ लढवत होता, तिथे त्या पक्षाविरुद्ध काम करा, असं रजनीकांत यांनी आपल्या चाहत्यांना सांगितलं. रसिगर मन्रम, म्हणजे चाहत्यांची मंडळं, गावोगाव होती. पीएमकेने सहाच्या सहा जागा जिंकल्या. नदीजोड प्रकल्पाच्या आश्वासनासाठी आपण भाजपला मत देणार, हेही रजनीकांत यांनी जाहीर केलं होतं; भाजपच्या आघाडीला तमिळनाडूत एकही जागा मिळाली नाही. मन्रममधला तरुणसुद्धा कुठल्या तरी गावचा, जातीचा, शेताचा, रोजगाराच्या विवंचनेचा असतो. पहिल्या दिवशीच्या पहिल्या खेळाला शिट्ट्या मारणारा तो आणि मतदानाच्या रांगेत उभा असलेला तोच, पण रांगेत त्याचा हिशेब वेगळा चालतो.

हे फक्त आपल्या देशात होतं असंही नाही. अमेरिकेत गायिका टेलर स्विफ्टने ऑक्टोबर २०१८ मध्ये टेनेसीतले डेमोक्रॅट उमेदवार फिल ब्रेडेसन यांना पाठिंबा दिला. देशभर मतदार नोंदणीची झुंबड उडाली. ब्रेडेसन मात्र मोठ्या फरकाने हरले. सप्टेंबर २०२४ मध्ये तिने अध्यक्षपदाच्या उमेदवार कमला हॅरिस यांची बाजू घेतली, तेव्हा तिच्या दुव्यावरून एका दिवसात चार लाखांहून अधिक लोक सरकारी नोंदणीच्या संकेतस्थळावर पोचले. हॅरिस हरल्या. नोंदणीचं पान उघडणं, नाव नोंदवणं, मत द्यायला जाणं आणि मत बदलणं या चार वेगळ्या गोष्टी आहेत. बातम्यांमध्ये त्यांची सरमिसळ होते.

उलट बाजूही सांगायला हवी. टीव्हीवरच्या लोकप्रिय सूत्रसंचालिका ओप्रा विन्फ्रे यांनी ओबामांना दिलेल्या पाठिंब्याचा अभ्यास क्रेग गार्थवेट आणि टिमथी मूर या अर्थशास्त्रज्ञांनी केला. ओप्रांच्या मासिकाचा खप आणि त्यांनी सुचवलेल्या पुस्तकांची विक्री कोणत्या भागात जास्त आहे हे पाहून त्यांनी अंदाज काढला, की २००८ च्या डेमोक्रॅटिक प्राथमिक फेरीत ओबामांना या पाठिंब्यामुळे सुमारे दहा लाख मतं मिळाली असावीत. मात्र ही लढत एकाच पक्षातल्या दोघांमधली होती. पक्षनिष्ठेचा आधार मतदाराला नव्हता, उमेदवार नवखा होता. सायकलच्या चिन्हाची गोष्ट इथे पुन्हा भेटते.

‘मग एमजीआर कसे जिंकले?’ असं कुणीतरी विचारतंच. एमजीआर हेही नटच, पण त्यांनी दुसऱ्या कुणासाठी शब्द टाकला नव्हता. ते १९५३ पासून द्रमुकमध्ये होते, पक्षाचे खजिनदार झाले, १९७२ मध्ये हकालपट्टी झाल्यावर स्वतःचा पक्ष काढून पाच वर्षांनी मुख्यमंत्री झाले. तेव्हा त्यांच्यामागे दोन दशकांची संघटना होती. तेवढाच थोर नट शिवाजी गणेशन. रंगभूमीवर छत्रपती शिवाजी महाराजांची भूमिका केली म्हणून त्यांना ‘शिवाजी’ हे नाव मिळालं. १९८८ मध्ये त्यांनीही पक्ष काढला आणि १९८९ मध्ये तंजावर भागातल्या, म्हणजे स्वतःच्याच मुलखातल्या, तिरुवैयारूमधून ते उभे राहिले. त्यांचे संवाद तोंडपाठ असलेल्या त्या माणसांनी द्रमुकचा उमेदवार निवडून दिला.