सल्फोराफेन

सर्षप कुलातील म्हणजे मोहरीच्या कुलातील काही वनस्पतींच्या ऊती चिरल्या, चावल्या वा वाटल्या असता तयार होणारे गंधकयुक्त कार्बनी संयुग. त्याच्या रेणूत कार्बनाचे ६, हायड्रोजनाचे ११, गंधकाचे २ आणि नायट्रोजन व ऑक्सिजन यांचा प्रत्येकी १ अणू असतो. ब्रोकोली व विशेषतः तिचे कोवळे मोड हा त्याचा प्रमुख स्रोत असून कोबी, फुलकोबी इत्यादींपासून ते कमी प्रमाणात मिळते. अलीकडे ते, किंवा त्याचे पूर्वगामी द्रव्य, गोळ्या व चूर्ण या रूपांत पूरक आहार म्हणून विकले जाते.

वनस्पतीत सल्फोराफेन मुक्त स्वरूपात नसते. ग्लुकोराफॅनीन हे पूर्वगामी द्रव्य आणि मायरोसिनेज हे एंझाइम (जीवरासायनिक विक्रियेची गती वाढविणारे प्रथिन) ऊतींत एकमेकांपासून अलग साठविलेले असतात. ऊती फुटल्या की दोहोंचा संयोग होऊन सल्फोराफेन बनते. मराठी स्वयंपाकघरात या प्रकारच्या विक्रियेचा अनुभव नेहमी येतो. मोहरी पाण्यात फेसली असता नाकात जाणारा झणका हा सिनिग्रीन या द्रव्यापासून त्याच एंझाइमामुळे बनलेल्या ॲलिल आयसोथायोसायनेटाचा होय. फोडणीत तडतडलेली मोहरी मात्र खमंग लागते, झणझणीत नव्हे. कारण उष्णतेने तिच्यातील एंझाइम निष्क्रिय झालेले असते. ब्रोकोली खूप शिजविल्यासही असेच होते. त्यानंतर आंत्रातील सूक्ष्मजंतू ग्लुकोराफॅनिनाचा काही भाग रूपांतरित करतात. परंतु हे प्रमाण व्यक्तिगणिक फार बदलते. शिजविलेल्या २०० ग्रॅम ब्रोकोलीवर १ ग्रॅम कच्च्या मोहरीची पूड घातली असता शरीरास उपलब्ध होणारे सल्फोराफेन चौपटीहून अधिक होते, असे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मानवी प्रयोगात आढळले. कोशिंबिरीत फेसलेली मोहरी घालण्याची रीत चवीसाठीच पडली असावी. पण भाजी शिजल्यावर वरून कच्ची मोहरी घालणे यास आता रसायनशास्त्राचाही आधार आहे.

ब्रोकोलीतील सल्फोराफेनाचे शरीरावरील कार्य पॉल टॅलाले व त्यांचे सहकारी यांनी बॉल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात १९९२ मध्ये दाखवून दिले. हे संयुग कोशिकेतील एनआरएफ-२ या नियंत्रक प्रथिनास मोकळे करते व त्यायोगे विषारी द्रव्ये निष्प्रभ करणारी एंझाइमे वाढतात. तीन दिवसांच्या मोडांत पूर्ण वाढलेल्या भाजीच्या १० ते १०० पट पूर्वगामी द्रव्य असते, असे १९९७ मध्ये दिसून आले आणि पूरक गोळ्यांच्या व्यापाराला तेथून चालना मिळाली. चीनमधील चिदोंग येथे २९१ व्यक्तींना १२ आठवडे मोडांपासून केलेले पेय दिल्यावर मूत्रावाटे बेंझिनाच्या चयापचयजन्य पदार्थाचे उत्सर्जन ६१ टक्क्यांनी वाढले (२०१४). दूषित हवेतील विषे बाहेर टाकण्यास मदत होते, एवढाच याचा अर्थ आहे. कर्करोग टळतो किंवा बरा होतो असे यावरून सिद्ध होत नाही. जाहिरातींत नेमकी हीच उडी मारलेली असते.

कोबीवर्गीय भाज्यांविषयीची जुनी शंका गलगंडासंबंधी आहे. केवळ कोबीवर पोसलेल्या सशांना गलगंड झाल्याचे १९२८ मध्ये बॉल्टिमोर येथे आढळले. त्यामागील संयुगांपैकी गॉयट्रीन हे १९४९ मध्ये ई. बी. ॲस्टवुड, एम. ए. ग्रिअर व एम. जी. एटलिंगर यांनी सलगमापासून अलग केले. हे सल्फोराफेनाहून वेगळे होय. चिदोंग येथील पेयाने अवटू ग्रंथीच्या कार्यात बिघाड झाला नाही. मात्र अतिरेक घातक ठरतो : रोज १ ते १.५ किग्रॅ. कच्ची चिनी कोबी अनेक महिने खाणाऱ्या एका ८८ वर्षांच्या स्त्रीस अवटुन्यूनतेने बेशुद्धावस्था आल्याची नोंद २०१० मध्ये झाली आहे.

महाराष्ट्राच्या पर्जन्यछायेतील पाथर्डीसारख्या तालुक्यांत (जि. अहिल्यानगर, पूर्वीचा अहमदनगर) हा प्रश्न निराळ्या बाजूने पाहावा लागतो. तेथे ब्रोकोली रोजच्या आहारात नाही. मुळा, डिंगऱ्या, कोबी, मोहरी व बाळंतिणीच्या लाडवांतील अहळीव हीच या कुलाची परिचित रूपे. त्यांची नेहमीची मात्रा निर्धोक आहे. परंतु तेथील मुख्य धान्यांपैकी एक असलेल्या बाजरीतही अवटू ग्रंथीस बाधक फ्लॅव्होन द्रव्ये असून सूदानच्या डार्फर भागातील गलगंडाशी त्यांचा संबंध दाखविला गेला आहे. अशा आहारात आयोडीन कमी पडू न देणे हे गोळीपेक्षा महत्त्वाचे ठरते. भारतात आयोडीनविरहित खाण्याच्या मिठाच्या विक्रीवर २००६ पासून पुन्हा बंदी आहे, तरी खडे मीठ अनेक घरांत वापरले जाते. आयोडीनयुक्त मीठही उघडे व ओलसर राहिल्यास त्याचा गुण घटतो. ऊसतोडणीसाठी महिनोन्‌महिने कोपीत राहणाऱ्या कुटुंबांनी ते झाकणाच्या डब्यात ठेवावे व पदार्थ शिजत आल्यावर घालावे.

गोळी घ्यावयाचीच असेल, तर तीत तयार सल्फोराफेन आहे, की केवळ ग्लुकोराफॅनीन, आणि सोबत मायरोसिनेज आहे काय, हे वेष्टनावर पाहावे. एंझाइमाविना गोळीचा परिणाम अनिश्चित असतो. अशा पूरकांवर ‘औषधी उपयोगासाठी नाही’ अशी सूचना असणे २०१६ च्या केंद्रीय नियमांनुसार आवश्यक ठरले. मळमळ, पोटफुगी व जळजळ हे सामान्य दुष्परिणाम होत. गर्भवती व स्तनदा स्त्रिया आणि बालके यांच्याबाबत सुरक्षिततेचा पुरावा अपुरा असल्याने त्यांना गोळ्या देऊ नयेत. अवटुविकार असलेल्यांनी वैद्याचा सल्ला घ्यावा. कर्करोगावर उपचार चालू असताना तर गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नये. कारण एनआरएफ-२ सतत कार्यरत राहिल्यास काही अर्बुदकोशिकांनाच उपचारांपासून संरक्षण मिळते. इंडोल-३-कार्बिनॉल हे याच भाज्यांपासून मिळणारे दुसरे पूरक यकृतातील काही एंझाइमे वाढवून औषधांचा परिणाम बदलू शकते. ट्राउट माशांना कर्करोगकारक द्रव्यानंतर ते दिले असता यकृतातील अर्बुदे वाढली. त्यामुळे ही दोन पूरके एकच समजून घेणे चुकीचे आहे.