मजूर परदेशी, आजार मायदेशी

दक्षिण कोरियाच्या ग्योंगी प्रांतात ह्वासोंग नावाचे शहर आहे. २००५ च्या जानेवारीत तेथील एका कारखान्यातील आठ थाई स्त्री कामगारांचे पाय लुळे पडल्याचे उघडकीस आले. एलसीडी पडदे आणि डीव्हीडी यंत्रांचे सुटे भाग पुसून स्वच्छ करणे, हे त्यांचे काम. त्यासाठी वापरले जाणारे रसायन होते नॉर्मल हेक्झेन. खोली बंद, हवा खेळायला वाव नाही, अंगावर संरक्षणाची साधने नाहीत. आठपैकी तिघी आजारी अवस्थेतच थायलंडला परतल्या होत्या. प्रकरणाचा बोभाटा झाल्यावर त्यांना उपचारासाठी पुन्हा कोरियात आणावे लागले.

आम्ही वाचकांचे लक्ष या तिघींकडे वेधू इच्छितो. परत आणल्या गेल्या म्हणून त्या जगाला ठाऊक झाल्या. ज्यांना कोणीच परत बोलावत नाही, त्यांची नोंद कोणत्या सरकारच्या दप्तरात होते?

हा आजार नवा नव्हता. १९६० च्या दशकात जपानमध्ये चपला चिकटवणाऱ्या कामगारांना याच रसायनाने अपंग केले होते. हेक्झेन श्वासावाटे शरीरात जाते, तेथे त्याचे दुसऱ्या विषारी द्रव्यात रूपांतर होते आणि ते हातापायांच्या नसा पोखरते. आधी बोटे बधिर होतात, मग पायांतले बळ जाते. काम सोडल्यावरही काही काळ दुखणे वाढतच राहते. हे सारे वैद्यकशास्त्राला ठाऊक असताना ह्वासोंग घडले, आणि ह्वासोंगनंतर २००९ मध्ये चीनच्या सुझोऊ येथे मोबाईलचे पडदे पुसणारे १३७ कामगार याच रसायनाने आजारी पडले. तेथे अल्कोहोलऐवजी हेक्झेन आणले गेले, कारण ते लवकर सुकते आणि माल लवकर पुढे सरकतो. काही क्षणांच्या बचतीसाठी माणसाच्या नसा खर्ची पडल्या.

उपाय अवघड नाहीत. कमी घातक द्रावक वापरावा. विषारी वाफ जेथे निघते तेथूनच खेचून बाहेर टाकणारी यंत्रणा बसवावी. कामगारांची ठरावीक काळाने तपासणी करावी. तोंडाला बांधलेला कापडी मास्क वाफ अडवत नाही, हे कामगाराला त्याच्या भाषेत सांगावे. मग हे होत का नाही? कारण स्थलांतरित कामगार 'नाही' म्हणू शकत नाही. कोरियात २००४ पासून लागू झालेल्या रोजगार परवाना पद्धतीत कामगाराने मालक बदलण्यावर निर्बंध घातले गेले आणि २०२१ मध्ये तेथील घटनात्मक न्यायालयाने ते वैध ठरवले. ज्याचा व्हिसा मालकाच्या हातात, त्याची जीभही मालकाच्याच हातात.

याच ह्वासोंगमध्ये २४ जून २०२४ रोजी लिथियम बॅटरीच्या कारखान्याला आग लागून २३ कामगार मृत्युमुखी पडले. त्यातले १८ परदेशी होते. आग जगाला दिसते. नसांत भिनणारे विष कोणालाच दिसत नाही, आणि कायद्याच्या लढाईत नेमकी हीच अडचण होते.

वकील म्हणून आम्हाला ही अडचण सविस्तर मांडायची आहे. अपघातात तारीख असते, साक्षीदार असतात, पंचनामा असतो. व्यवसायजन्य आजारात यातले काहीच नसते. हेक्झेनची खूण लघवीत सापडते, पण काम सुटल्यावर थोड्याच दिवसांत ती नाहीशी होते. कामगार घरी पोहोचेपर्यंत पुरावा संपलेला असतो. उरतात बधिर पाय आणि 'अशक्तपणा आहे' असे सांगणारा गावचा डॉक्टर. कायदा मुळीच नाही असे नाही. कोरियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच निर्वाळा दिला की, कागदपत्रे नसलेल्या परदेशी कामगारालाही कामावरील इजेसाठी विम्याचे संरक्षण मिळाले पाहिजे. पण जो माणूस विमानात बसून गेला, त्याने तो हक्क मागायचा कोठे?

हा प्रश्न आपल्याही दारात आला आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत भारताने तैवानशी कामगार पाठविण्याचा करार केला. त्याच महिन्यात महाराष्ट्र सरकारने जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. आखाताची वाट तर जुनीच आहे. तिकडे जाणाऱ्याची वैद्यकीय तपासणी सक्तीची असते. तो धडधाकट आहे ना, हे मालकाला हवे असते. परत येणाऱ्याची तपासणी करा, असे कोणी म्हणत नाही. जाताना शरीर मोजून घेतात, येताना मोजून देत नाहीत.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. कारखान्यातील कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ वर आणणारी १९४६ ची दुरुस्ती त्यांनीच कायदेमंडळात मांडली. कामगाराचे शरीर मालकाच्या दयेवर न ठेवता ते कायद्याच्या संरक्षणाखाली आणायचे, हा त्यामागचा विचार. ती कायद्याची भिंत देशाच्या सीमेवर संपता कामा नये.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. प्रत्येक कामगार-करारात आजाराचे स्वतंत्र कलम हवे. मायदेशी परतल्यावर उघड झालेल्या आजाराचा दावा दूतावासामार्फत दाखल करता आला पाहिजे. कोणते रसायन हाताळावे लागेल, हे नेमणूकपत्रात कामगाराच्या भाषेत लिहिलेले असावे. घातक काम नाकारणाऱ्याचा व्हिसा रद्द होता कामा नये. जाण्यापूर्वीच्या तपासणीची प्रत कामगाराच्या हाती द्यावी आणि परतल्यावर सरकारी रुग्णालयात मोफत तपासणी व्हावी.

सरकार हे आपणहून देणार नाही, मागावे लागेल. तोवर वस्तीतल्या कार्यकर्त्यांनी एक काम आजपासून करावे. परदेशी निघालेल्या प्रत्येक तरुणाला सांगावे, की पगाराच्या पावत्या जपून ठेव, पिंपावरच्या लेबलाचा फोटो काढून घरी पाठव, काम करतोस त्या खोलीचाही फोटो पाठव. आणि परतलेला कोणी हातापायांना मुंग्या येतात म्हणाला, तर त्याला घेऊन डॉक्टरकडे जावे आणि तो तिकडे काय काम करत होता, हे सर्वात आधी सांगावे. दाव्याचा पहिला कागद तेथेच तयार होतो.